टोक्याला मत, कायगावला नाही

छत्रपती संभाजीनगरहून नगरकडे जाणारा रस्ता कायगाव टोक्यापाशी गोदावरी ओलांडतो. दोन्ही नावे आपण एका दमात घेतो, म्हणून हे एकच गाव वाटते. प्रत्यक्षात कायगाव उत्तर काठावर, गंगापूर तालुक्यात आहे. प्रवरासंगमाजवळचे टोके दक्षिण काठावर, नेवासे तालुक्यात. आज नदीच्या दोन बाजूंना दोन जिल्हे आहेत, एवढेच. १९४८ पर्यंत मात्र इथे दोन राज्ये एकमेकांना भिडली होती. दक्षिणेला मुंबई इलाख्यातला अहमदनगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. उत्तरेला निजामाच्या हैदराबाद संस्थानातला औरंगाबाद जिल्हा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली मोगलाई. नदी ओलांडली की कलदार रुपयाच्या जागी हाली रुपया येई, मालावर करोडगिरी भरावी लागे, कचेरीचे कागद उर्दूत होत. हाली नाणे आणि करोडगिरी यांच्या गोष्टी मराठवाड्यातल्या घरांमधून अजून निघतात. पण आणखी एक फरक होता आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९२० सालापासून दक्षिण काठावर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळासाठी मतदान होत असे. उत्तर काठावर होत नसे. मराठवाड्याच्या माणसाने देशाच्या संसदेसाठी पहिले मत दिले ते १९५२ च्या निवडणुकीत. मधली तीस वर्षे कुठे गेली, हा प्रश्न आपण नीट विचारलेला नाही. विचारला तर उत्तर देताना ‘संस्थानी प्रजा मागासलेली होती, अजून तयार नव्हती’ असे म्हणून मोकळे होतो. हे उत्तर चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा त्या काळच्या सरकारी कागदांतच आहे.

आधी त्या निवडणुकांविषयी. १९१९ च्या कायद्याने दिल्लीत जे मध्यवर्ती कायदेमंडळ आले त्यात सुमारे १४५ सभासद होते, त्यांतले शंभराहून थोडे अधिक लोकनियुक्त आणि ४१ सरकारनियुक्त. दोन महायुद्धांच्या दरम्यान त्याच्या पाच सार्वत्रिक निवडणुका झाल्या: १९२०, १९२३, १९२६, १९३० आणि १९३४. पहिल्या आणि चौथ्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता. १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष आत शिरला आणि पुण्याचे न. चिं. केळकर दिल्लीला गेले. कायदेभंगाची चळवळ मागे घेतल्यावर १९३४ च्या हिवाळ्यात जी निवडणूक झाली ती या सगळ्यांत सर्वाधिक चुरशीची. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष म्हणून निवडून आली, भुलाभाई देसाई सभागृहातले तिचे नेते झाले, आणि मुंबई इलाख्याच्या मध्य विभागातून काकासाहेब गाडगीळ आणि केशवराव जेधे दिल्लीला गेले. एक पुण्याचा ब्राह्मण वकील आणि एक ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेला मराठा नेता यांनी एकाच पक्षातर्फे निवडून येणे ही महाराष्ट्राच्या राजकारणातली मोठी कलाटणी होती. ती घडण्यासाठी खेड्यापाड्यांत सभा घ्याव्या लागल्या, मतदारांच्या याद्या धुंडाळाव्या लागल्या. हे सगळे नदीच्या दक्षिणेला.

उत्तरेला काय होते? हैदराबादेत १८९३ पासून एक कायदे कौन्सिल होते. त्यात बहुतेक सभासद अधिकारी. बिनसरकारी सभासद मूठभर, आणि त्यांतलेही काही जहागीरदारांमधून, काही वकिलांमधून येत. १९३१ च्या शिरगणतीत संस्थानाची वस्ती १ कोटी ४४ लाख भरली. एवढ्या लोकांच्या वतीने बोलायला कौन्सिलात आठ-दहा माणसेही नव्हती, आणि शेतकऱ्याच्या वतीने तर कोणीच नव्हते. कायदा शेवटी होई तो फर्मानाने. त्यातच १९२९ मध्ये ‘गश्ती निशाण ५३’, म्हणजे परिपत्रक क्रमांक ५३, निघाली. सार्वजनिक सभा घ्यायची तर आधी परवानगी काढणे तिने सक्तीचे केले. मराठवाड्याच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या कुठल्याही पुस्तकात हा त्रेपन्न आकडा भेटतोच, आणि तो भेटावाच. निवडणूक नसलेल्या राज्यात सभा हेच मत देण्याचे एकमेव साधन असते. तेही परवान्याखाली गेले.

आता ‘तयार नव्हते’ या उत्तराकडे येऊ. याची परीक्षा कशी करायची? एकाच भाषेचे, एकाच मातीतले, एकाच राजाच्या सत्तेखालचे दोन शेजारी प्रदेश घ्यावेत. एकाला मत द्यावे, दुसऱ्याला देऊ नये, आणि काय होते ते पाहावे. इतिहासात असा प्रयोग सहसा मिळत नाही. आपल्याकडे तो मिळतो, कारण औरंगाबाद जिल्ह्याला लागून वऱ्हाड आहे. १८५३ मध्ये निजामाकडे इंग्रजांच्या फौजेचा खर्च थकला होता, त्यापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला. १९०२ मध्ये कर्झनने मीर महबूब अली खान यांच्याशी नवा करार केला: वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहील, ते निजामाला दरसाल २५ लाख रुपये देतील, आणि प्रदेशावरचे निजामाचे स्वामित्व मान्य राहील. हे शेवटचे कलम नीट लक्षात ठेवायला हवे. कारभार नागपूरहून चालत होता, तरी कायद्याच्या काटेकोर अर्थाने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते, ते निजामाचेच होते. मग १९१९ च्या कायद्याखाली निवडणुका आल्या तेव्हा पेच पडला. जो प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानात नाही, त्याचा प्रतिनिधी ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात निवडून कसा यायचा?

त्यावर जी तोड काढली ती आपल्या संसदीय इतिहासातली अत्यंत विलक्षण गोष्ट आहे. वऱ्हाडात इतरत्र होते तशीच निवडणूक घ्यायची. उमेदवार, मतदारयादी, मतदान, मोजणी सगळे तसेच. जो निवडून येईल त्याला मग सरकारने ‘नेमायचे’. ४१ सरकारनियुक्त सभासदांमध्ये एक जागा अशी राखली होती, की ती वऱ्हाडात झालेल्या निवडणुकीचा परिणाम म्हणून नेमलेल्या व्यक्तीची असेल. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे दिल्लीच्या सभागृहात बसले ते याच वाटेने. कामकाजाच्या छापील वृत्तांतात त्यांच्या नावापुढे कुठल्या मतदारसंघाऐवजी ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असे लिहिलेले असे. म्हणजे लोकांनी निवडलेला माणूस, कागदावर सरकारने नेमलेला. मध्य प्रांताच्या कायदेमंडळातही वऱ्हाडच्या सभासदांबाबत हीच रीत होती. आता नकाशा समोर ठेवावा. जिजाऊंचे माहेर सिंदखेड राजा. ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात. जिजाऊ ज्या भोसल्यांच्या घरी आल्या त्यांचे वेरूळ औरंगाबाद जिल्ह्यात. सिंदखेडहून जालना एका दिवसाच्या बैलगाडीच्या टप्प्यात. सोयरीक, बाजार, बोली, काळी जमीन आणि तिच्यातला कापूस, सगळे सामाईक. दोन्ही गावांवर स्वामित्व एकाच निजामाचे. पण सिंदखेडच्या सारा भरणाऱ्या शेतकऱ्याला दिल्लीसाठी मत होते, आणि जालन्याच्या त्याच ऐपतीच्या शेतकऱ्याला नव्हते. त्या दोघांमध्ये योग्यतेचा कोणता फरक होता हे कोणी दाखवून द्यावे.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. वऱ्हाडात सत्तर वर्षे इंग्रजी कारभार होता. शाळा, न्यायालये, नगरपालिका, वर्तमानपत्रे तिथे लवकर आली. तेव्हा १९२० मध्ये वऱ्हाड पुढे होते आणि मराठवाडा मागे होता हे खरेच आहे. हे मला मान्य आहे. पण मग क्रम नीट लावला पाहिजे. १८५३ मध्ये वऱ्हाड निवडले गेले ते तिथली माणसे हुशार होती म्हणून नव्हे. फौजेच्या थकबाकीची फेड होईल एवढा सारा देणारा मुलूख हवा होता आणि वऱ्हाडात कापूस पिकत होता, म्हणून. त्या वेळी दोन्हीकडची माणसे सारखीच निरक्षर होती. पुढची सत्तर वर्षे एकीकडे शाळा निघाल्या आणि दुसरीकडे फार थोड्या निघाल्या, आणि निघाल्या त्यांत मातृभाषेला फारशी जागा नव्हती. ज्या कारभाराने ही दरी निर्माण केली, त्यानेच त्या दरीकडे बोट दाखवून मत नाकारावे, हा युक्तिवाद टिकत नाही. शिवाय त्या काळात मतदाराची पात्रता ठरत होती ती मुख्यतः सारा, कर आणि मालमत्ता यांवर. त्या मोजपट्टीने पैठणचा सावकार, जालन्याचा सरकीचा व्यापारी, वैजापूरचा बागायतदार बुलढाण्याच्या कुठल्याही मतदारापेक्षा उणा नव्हता.

आणि हे निजाम सरकारलाही ठाऊक होते. ऑक्टोबर १९२३ मध्ये मीर उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. हे पत्र बहुधा वाचले जाते ते त्यापुढच्या कहाणीसाठी: १९२६ च्या मार्चमध्ये रीडिंगने दिलेले कडक उत्तर, इंग्रज सरकारच्या सार्वभौमत्वापुढे कोणीही संस्थानिक बरोबरीचा नाही हा त्यातला सिद्धान्त. मला त्या पत्रातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वऱ्हाड परत मिळाले तर तिथल्या लोकांना जबाबदार राज्यपद्धतीची घटना देऊ, त्यांच्या अंतर्गत कारभारात त्यांना स्वायत्तता देऊ, असे आश्वासन त्यात आहे. कारण उघड आहे: ज्यांना मताची सवय लागली होती ते वऱ्हाडी लोक मताशिवाय परत यायला राजी झाले नसते. म्हणजे १९२३ साली खुद्द निजाम आपल्या वऱ्हाडी प्रजेला जबाबदार राज्य द्यायला तयार होते. त्याच वर्षी त्यांच्या मराठवाड्यातल्या प्रजेला त्याचा शतांशही मिळाला नाही. सिंदखेडला देता येते आणि जालन्याला देता येत नाही, याचे स्पष्टीकरण प्रजेच्या लायकीत सापडणार नाही. एकीकडे मागणारा होता आणि त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. दुसरीकडे मागणाऱ्याचे तोंड बंद करता येत होते.

संस्थान म्हटले की निवडणूक शक्यच नव्हती, असेही नाही. म्हैसूरमध्ये प्रतिनिधी सभा १८८१ पासून होती. सयाजीरावांच्या बडोद्यात धारासभा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली. कोचीनमध्ये १९२५ मध्ये निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत असलेले कायदेमंडळ बसले. आपल्या जवळचे उदाहरण औंधचे: बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ च्या आरंभी आपली सत्ता ग्रामपंचायतींवर उभ्या केलेल्या सभेच्या हाती सोपवली. औंध चिमुकले होते, हैदराबाद देशातले सर्वांत मोठ्या वस्तीचे संस्थान होते, ही तुलना सरळ होत नाही हे खरे. पण म्हैसूर काही चिमुकले नव्हते.

हैदराबाद सरकारला स्वतःची एक तात्त्विक भूमिका होती आणि तिचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. १९३७ मध्ये दिवाणबहादूर अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली घटनासुधारणांसाठी समिती नेमली गेली. तिने पुढच्या वर्षी अहवाल दिला आणि १९३९ च्या जुलैमध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यांचा गाभा असा, की मतदारसंघ गावे-तालुके धरून न पाडता धंदे आणि हितसंबंध धरून पाडायचे: जहागीरदारांचा एक, शेतकऱ्यांचा एक, मजुरांचा, व्यापाऱ्यांचा, पेढीवाल्यांचा, वकिलांचा, डॉक्टरांचा, पदवीधरांचा. ब्रिटिश हिंदुस्थानात धर्मवार मतदारसंघांनी जी तेढ वाढवली ती इथे टळेल, हिंदू शेतकरी आणि मुसलमान शेतकरी शेतकरी म्हणून एकत्र मत देतील, असा त्यामागचा दावा. धर्मवार मतदारसंघांनी तेढ वाढवली हे निदान अचूक होते. १९३४ मध्ये नेवाश्याच्या हिंदू आणि मुसलमान मतदारांची नावे वेगळ्या याद्यांत होती, त्यांचे उमेदवार वेगळे होते, आणि त्याची किंमत देशाने तेरा वर्षांनी मोजली. पण हैदराबादच्या योजनेने हा रोग बरा केला का? नाही. नियोजित विधानसभेच्या ८५ जागांपैकी निवडून येणाऱ्या होत्या ४२, म्हणजे बहुमताला एक कमीच. आणि संस्थानात मुसलमानांचे प्रमाण शेकडा दहा-बाराच्या आसपास असताना निवडून येणाऱ्या हिंदू आणि मुसलमान सभासदांची संख्या समान राहील अशी तजवीज होती. धर्म मतदाराच्या यादीतून काढला आणि निकालाच्या यादीत परत घातला. धंदेवार मतदारसंघाची कल्पना एरवी विचारात घेण्याजोगी आहे. युरोपातही त्या दशकांत तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण ज्या सभेपुढे मंत्री उत्तरदायी नाहीत तिच्यात शेतकरी शेतकरी म्हणून बसला काय किंवा गंगापूरचा प्रतिनिधी म्हणून बसला काय, त्याचा आवाज सल्ल्यापुरताच राहतो.

इथे एक गैरसमज होऊ द्यायचा नाही. मराठवाड्याला मत नव्हते ही हकीकत ‘मुसलमान राजा आणि हिंदू प्रजा’ अशी सांगितली की ती अर्धी होते. औरंगाबादच्या गल्ल्यांत हिमरू विणणारा मुसलमान विणकर, खुलताबादचा छोटा शेतकरी, बीडचा अरब जमादाराच्या हाताखालचा शिपाई, यांनाही दिल्लीसाठी मत नव्हते, हैदराबादसाठीही नव्हते. नदीपलीकडच्या नगरच्या मुसलमान व्यापाऱ्याला होते. उलट, जहागीरदारांमध्ये हिंदूही होते आणि कौन्सिलात जहागीरदारांना जागा होती. फर्मानाच्या राज्यात लाभ होतो तो दरबाराच्या जवळच्यांचा. तिथे धर्माचा उपयोग होतो, पण भेदाची मूळ रेघ प्रजा आणि दरबार यांच्यामध्येच असते. रझाकारांच्या काळात ही रेघ पुसली गेली आणि दुसरीच गडद झाली. त्या काळाच्या चष्म्यातून १९३४ कडे पाहिले की आपण चुकतो.

सर्वांत कठीण आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला. तो असा: दिल्लीच्या त्या मताला तरी काय किंमत होती? १९३४ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात या निवडणुकीचे मतदार सुमारे १४ लाख होते. लोकसंख्या सत्तावीस कोटी. दर दोनशे माणसांत जेमतेम एक मतदार. टोक्याच्या काठावर मत होते असे मी म्हणतो, पण त्या गावात खरोखर किती जणांना असणार? एखाद्या मोठ्या खातेदाराला. भूमिहीनाला नाही, महारवाड्यातल्या कोणाला नाही, बायकांत क्वचित कोणाला. आणि निवडून आलेल्यांनी नामंजूर केलेले अंदाजपत्रक व्हाइसरॉय स्वतःच्या सहीने मंजूर करू शकत होता. मग मराठवाड्याने असे काय गमावले?

मताच्या क्षणापुरते पाहिले तर फार थोडे गमावले. पण निवडणूक म्हणजे केवळ मतदानाचा दिवस नव्हे. निवडणुकीसाठी यादी करावी लागते, आणि यादीत आपले नाव का नाही हा प्रश्न ज्याला मत नाही त्यालाही पडतो. उमेदवाराला गावात यावे लागते. पक्षाला तालुक्याच्या गावी कार्यालय, कार्यकर्ता, वर्गणी उभी करावी लागते. वर्तमानपत्राला बाजू घ्यावी लागते. आणि मताचे दार एकदा किलकिले झाले की ते ढकलता येते. १९२० मध्ये दिल्लीसाठी मतदार होते सुमारे नऊ लाख. १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुकांसाठी ते झाले सुमारे तीन कोटी. त्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेसने १७५ पैकी ८६ जागा मिळवल्या, बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले, आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष पहिल्याच फटक्याला विधानसभेतला दखल घ्यावी असा विरोधी पक्ष झाला. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी त्याच सभागृहात मांडले. १९३९ मध्ये मुंबई प्रांतात कूळकायदा आला, शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. हैदराबादेतही सावकारी आणि कुळांविषयी कायदे झाले, ते नाकारायचे कारण नाही. पण ते वरून आले. नेवाश्याच्या कुळाला आपल्या आमदाराच्या दारात जाऊन ‘हे कलम अपुरे आहे’ म्हणता येत होते. गंगापूरच्या कुळाला दार कुठले, हेच माहीत नव्हते. पुढे कित्येक वर्षे मराठवाड्यातला माणूस सरकारकडे अर्ज घेऊन गेला आणि पश्चिम महाराष्ट्रातला माणूस आमदाराला घेऊन गेला, हे जे बोलले जाते त्याचे मूळ या तीस वर्षांत आहे असे मला वाटते.

मग मराठवाड्याची माणसे गप्प बसली होती का? त्यांनी मागितलेच नाही म्हणून मिळाले नाही, असे म्हणता येईल का? त्यांनी मागितले, पण मागण्यासाठी सीमा ओलांडावी लागली. हैदराबाद राजकीय परिषद संस्थानात भरवता येईना म्हणून १९२३ मध्ये ती काकीनाड्याला भरली, १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला, १९३१ मध्ये अकोल्याला. वामनराव नाईक, केशवराव कोरटकर यांच्या पिढीने आपल्या राज्याचे राजकारण असे परक्या मांडवात केले. पुण्याच्या परिषदेचे अध्यक्ष होते न. चिं. केळकर, जे त्या वेळी दिल्लीच्या कायदेमंडळाचे सभासद होते. आणि अकोला तर वऱ्हाडातले. कागदोपत्री निजामाचेच स्वामित्व असलेल्या भूमीवर निजामाच्या प्रजेने निजामाच्या राज्याविषयी परिषद भरवली आणि तिथे ती भरू शकली. पुढे मार्ग बदलला. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला, संस्थानाच्या आत भरले. भाषेच्या नावाने, शाळा-वाचनालयांच्या नावाने सुरू झालेले काम वर्षभरात जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीवर आले, कारण मराठी शाळा मागायची तरी मागायची कोणाकडे, हा प्रश्न सुटत नव्हता. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली. तिची मागणी काय होती? निजामांच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. १९२३ मध्ये निजामांनी वऱ्हाडला देऊ केलेलीच गोष्ट. त्या मागणीसाठी २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. नोव्हेंबरमध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थी काढून टाकले गेले, आणि त्यांतल्या अनेकांनी नागपूरची वाट धरली. ३० डिसेंबरला कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी भरवलेल्या अस्पृश्य परिषदेला डॉ. आंबेडकर आले. मुंबईच्या विधानसभेत भायखळा-परळच्या मतदारांनी पाठवलेला माणूस, चाळीसगावची हद्द ओलांडून, ज्यांना कुठलेच मत नाही अशा हजारोंपुढे बोलला. त्या एका सालात मराठवाड्याने जे केले ते मतदानाच्या ऐवजी केले.

देशाच्या संसदेचा प्रश्न यातून सुटला नव्हताच. १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश प्रांत आणि संस्थाने यांच्या संघराज्याची योजना होती. संघीय विधानसभेच्या ३७५ जागांपैकी १२५ संस्थानांच्या. त्यांतल्या १६ हैदराबादच्या. वरिष्ठ सभागृहातही हैदराबादला ५ जागा होत्या. संस्थानांच्या जागा भरायच्या कोणी? संस्थानिकांनी, नेमणुकीने. म्हणजे मराठवाड्याला दिल्लीत पहिल्यांदा प्रतिनिधी मिळणार होते आणि त्यांना मराठवाड्याने पाहिलेलेही नसणार होते. निजामांचे मंत्री सर अकबर हैदरी गोलमेज परिषदांपासून या वाटाघाटींत मुरलेले होते. ते संघराज्यावर बोलत होते त्याच सुमारास संस्थानात जबाबदार राज्याची मागणी करणारे तुरुंगात होते. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाल्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ही योजना बाजूला ठेवली, आणि त्या १६ खुर्च्या कागदावरच राहिल्या. पुढे घटना समिती आली. दहा लाखांमागे एक या हिशेबाने तिच्यातही हैदराबादच्या वाट्याला १६ जागा आल्या, आणि त्याही भरल्या गेल्या नाहीत. निजाम संघराज्यात यायला तयार नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा घटनेचा मसुदा तयार होता. १९४९ च्या नोव्हेंबरात निजामांच्या फर्मानाने घटना हैदराबादला लागू झाली. भारताची राज्यघटना ज्या सभागृहात घडली तिथे हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी नव्हता. प्रौढ मताधिकार देणारी घटनाही मराठवाड्यात फर्मानाच्या वाटेने आली, हे वाचताना आजही चटका लागतो.

त्यानंतर १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. हैदराबाद राज्याला लोकसभेच्या २५ जागा मिळाल्या आणि औरंगाबाद मतदारसंघातून सुरेशचंद्र आर्य निवडून गेले. एकवीस वर्षांवरची प्रत्येक बाई, प्रत्येक भूमिहीन, हिमरूचा विणकर आणि मक्रणपूरच्या परिषदेला चालत गेलेला प्रत्येक माणूस यादीत होता. १९५६ मध्ये मराठवाड्याचे जिल्हे आणि वऱ्हाड दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि सिंदखेड-जालन्यामधली हद्द गेली. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत औरंगाबादने दिल्लीला पाठवले ते स्वामी रामानंद तीर्थांना. या वेळी बुलढाणा जिल्ह्याचा खासदारही निव्वळ निवडून आलेला होता. कोणाला नेमायची गरज उरली नव्हती.